येरमाळ्याचा ळ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर धाराशिव मागे पडलं, की पुढे येरमाळा लागतं. गावाची ओळख येडेश्वरीची. तुळजाभवानीची धाकटी बहीण म्हणतात तिला, आम्ही गावकरी येडाई म्हणतो. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत चुनखडी वेचायला इथे माणसांचा पूर लोटतो. माझी आई याच गावची सून. मुसलमान घरातली बाई, पण जात्यावर बसली की तिच्या ओव्यांत पीर यायचे तशी येडाईही यायची, पांडुरंगही यायचा, आणि माहेरच्या वाटेवरची बाभळही यायची. शाळा तिने बाहेरूनच पाहिलेली. लिहिता येत नव्हतं, म्हणून सगळं पाठ होतं.

बी.ए. होऊन, कविता छापून येऊ लागल्यावर मला उशिरा शहाणपण सुचलं, की घरातलीच कविता आपण कधी उतरवून घेतली नाही. मग तिला गिरणीच्या जमान्यात पुन्हा जात्याजवळ बसवलं आणि ओव्या वहीत लिहून घेतल्या. २००१ साली त्यातल्या एकशे साठ ओव्या तालुक्याच्या गावी एका डीटीपीच्या दुकानात टंकून घेतल्या आणि एका सीडीवर ठेवल्या. २००५ साली आई अंथरुणाला खिळली. त्या दिवसांत तिला आणखी त्र्याहत्तर आठवल्या. त्या एका हौशी मुलाने थेट इंटरनेटवर, लोकसाहित्य जमवणाऱ्या एका संस्थेच्या संकेतस्थळावर टंकल्या. तेव्हा आम्हाला वाटलं, कागदापेक्षा हे पक्कं. आई त्याच वर्षी गेली. वह्या पुढच्या एका पावसाळ्यात माळवदाच्या गळतीखाली सापडल्या आणि त्यांचा लगदा झाला. मी फारसा घाबरलो नाही. सीडी होती, संकेतस्थळ होतं.

२०१६ साली सीडी उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा होता. संकेतस्थळ उघडलं, तर तिथे ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं. दोन्हीकडे आई नव्हती. पण हे दोन अपघात एका जातीचे नाहीत, हे मला पुढे कळलं. ते कळण्यासाठी थोडा इतिहास ऐकावा लागेल. तो आपल्याच अक्षरांचा आहे, आणि संगणकाच्या फार आधी सुरू होतो.

आमच्या घरात निजामाच्या काळातला जमिनीचा एक कागद आहे, उर्दूत लिहिलेला. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत आमचा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. माणसं मराठी बोलत, सरकारी दप्तर उर्दूत चाले. आमच्या वडिलांना ती लिपी वाचता येई. त्या कागदावर गावाचं नाव पाहिलं, की मला लहानपणी गंमत वाटायची, कारण वडील बोट ठेवून वाचायचे ते ‘यरमाला’. उर्दू लिपीत ळ नाही. ण नाही. ऱ्हस्व स्वरांच्या खुणा लिहिण्याची रीत नाही. त्यामुळे लिहिणारा ळ ऐकतो, त्याच्या जागी ल ठेवतो आणि पुढे जातो. कागदावरून उलट मराठीत आणायचं, तर या ल मधला मूळचा ल कोणता आणि ळ कोणता, हे कागद सांगत नाही. ते गावालाच विचारावं लागतं.

उर्दूचीच तेवढी अडचण, असं मात्र कोणी समजू नये. उर्दूत ज़ या उच्चाराला चार-पाच अक्षरं आहेत, स ला तीन. देवनागरीत आल्यावर ती सगळी एकेका ज आणि स मध्ये मिसळून जातात. आमच्या नात्यातल्या निम्म्या नावांचं स्पेलिंग देवनागरीने कायमचं विसरवलं आहे. मोडीचंही तसंच. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीत नाहीत आणि शब्द तोडतही नाहीत. मोडीतून बाळबोधीत आणणारा माणूस इकार-उकार स्वतःच्या पदरचे घालतो. विल्यम केरीने श्रीरामपूरला १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं ते देवनागरी खिळ्यांनी, आणि १८१० साली कोश छापला तो मोडी खिळ्यांनी. म्हणजे छपाईच्या पहिल्याच पाच वर्षांत मराठीची दोन रूपं झाली होती.

या जुन्या गोष्टींना कोणी विचारत नव्हतं. पण २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधण्याची धावपळ झाली. माणसाचं शिक्षण, नोकरी एका शब्दावर अवलंबून, आणि तो शब्द वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. कागद शाबूत होता. वाचणारा मिळाला, की शब्द मिळत होता.

आता संगणकाकडे येऊ. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. आपण क टंकतो तेव्हा यंत्र एक आकडा ठेवतं, आणि दाखवताना एका कोष्टकात पाहून त्या आकड्याचं चित्र काढतं. सगळी गोम या कोष्टकात. लिहिणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं कोष्टक एक असेल, तर मजकूर दिसतो. वेगळं असेल, तर आकडे तेच राहून मजकूर पालटतो. १९६३ साली अमेरिकेत आस्की नावाचं कोष्टक ठरलं. त्यात १२८ घरं, इंग्रजीची अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं मावतील एवढी. पुढे यंत्रांची एकेक ओंजळ २५६ आकड्यांची झाली, तेव्हा वरची १२८ घरं मोकळी राहिली आणि ज्याला जे हवं त्याने ते तिथे भरलं. पश्चिम युरोपने आपली टोपीवाली आणि टिंबवाली अक्षरं भरली, रशियनांनी रशियन.

भारतानेही भरली, आणि चांगली विचारपूर्वक भरली. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम उभं केलं, पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ या नावाने वाढलं. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ हे कोष्टक पक्कं केलं. त्यातली कल्पना मला कवी म्हणून फार आवडते. मराठीचा क, गुजरातीचा क, बंगालीचा क, तमिळचा क, सगळ्यांना एकच आकडा. ब्राह्मीच्या सगळ्या लेकींना एकच खातं. लिपी बदलायची तर नुसती कळ फिरवायची.

या इस्कीत आपल्या ळ चा आकडा २१०. आता हाच २१० पश्चिम युरोपच्या कोष्टकात पाहा, तिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेला मोठा ‘ओ’ बसला आहे. रशियनांच्या एका कोष्टकात तिथे त्यांचा ‘व’ आहे. येरमाळ्याचा ळ आकड्याच्या रूपाने पॅरिसला गेला तर ओ होतो, मॉस्कोला गेला तर व होतो. आकडा मात्र तोच.

इस्की सगळ्यांनी वापरली असती, तर माझी सीडी २०१६ सालीही मुकाट्याने बोलली असती. पण डीटीपीच्या दुकानांना छपाई हवी होती, आणि बाजाराने जवळची वाट काढली. कंपन्यांनी सरळ फॉन्टच बनवले. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. यंत्राला वाटायचं आपण इंग्रजी साठवतोय, पडद्यावर आणि कागदावर दिसायची मराठी. भाडेकरूच्या नावाने घर आणि आत राहणारा दुसराच, तशातला प्रकार. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. श्रीलिपीचं एक, आकृतीचं दुसरं, सी-डॅकच्या सुरेख-योगेश या फॉन्टांचं तिसरं, शिवाजी फॉन्टचं चौथं. शिवाजीत ‘मराठी’ टंकलं आणि वरचा फॉन्ट काढून घेतला, की खाली रोमन लिपीत ‘मराझी’ उरतं. नव्वदीच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रं इंटरनेटवर आली, तेव्हा प्रत्येकाचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे, हे अनेकांना आठवत असेल. ती पानं डोळ्यांना मराठी होती. यंत्राच्या लेखी मात्र ती कोणत्याच भाषेत नव्हती. त्यांत एखादा शब्द शोधायचा म्हटलं तर शोधता येत नसे.

या फॉन्टांत आणखी एक खोड होती. पहिली वेलांटी आपण बोलताना व्यंजनानंतर बोलतो, पण दिसते ती आधी. फॉन्टवाल्यांनी ती दिसते तशी, म्हणजे आधी, साठवली. रफार बोलताना आधी, दिसतो नंतर, तो नंतर साठवला. काही फॉन्टांत ग म्हणजे अर्धा ग आणि एक काना. मग ‘गा’ म्हणजे अर्धा ग आणि दोन काने. जुन्या खिळे जुळवणाऱ्यांची रीतच ती. पण असा मजकूर दुसरीकडे न्यायचा, तर प्रत्येक काना अक्षराचा स्वतःचा की मात्रेचा, याचा निवाडा करत बसावं लागतं. आपल्याकडे ख आणि रव यांचा घोळ शाळेपासून माहीत आहे, तसे डझनभर घोळ.

हे सगळं चालू असताना तिकडे युनिकोड जन्माला आलं होतं. तेही १९९१ सालचंच. जगातल्या प्रत्येक अक्षराला कायमचा एक आकडा द्यायचा, दोघांना एक घर कधी द्यायचं नाही, एवढीच त्याची प्रतिज्ञा. देवनागरीची मांडणी त्यांनी इस्कीच्या आधीच्या, १९८८च्या आवृत्तीवरून घेतली. ळ ला तिथे २३५५ हा आकडा मिळाला. तो जगात दुसऱ्या कोणाचा नाही. विंडोज २००० या आवृत्तीबरोबर ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट लाखो संगणकांत गेला. त्याची अक्षरं घडवली होती र. कृ. जोशी यांनी, सुलेखनकार आणि मराठीतले कवी. मराठी माणसांनी पडद्यावर पाहिलेली देवनागरी वर्षानुवर्षं एका मराठी कवीच्या हातची होती, ही गोष्ट आमच्या कविसंमेलनांत कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगून टाकतो.

युनिकोडमध्ये मराठीला सगळं पहिल्या दिवशी मिळालं असंही नाही. ‘ॲड.’ मधल्या ॲ ला २००८ सालापर्यंत स्वतंत्र आकडा नव्हता. वकिलांच्या पाट्या आपण रंगवत होतो, पण यंत्रात ते अक्षर कोणी हिंदीच्या ऍ ने भागवत होतं, कोणी अ वर चंद्रकोर चिकटवून. आणि ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पाहा. त्यातला ऱ्या दोन तऱ्हांनी साठवता येतो, एक खालच्या टिंबाच्या ऱ पासून, दुसरा साध्या र नंतर एक अदृश्य खूण घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. एका तऱ्हेने शोधलं, तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले शेतकरी सापडत नाहीत. आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात हा शब्द किती याद्यांत असेल, याचा विचार करा. आमच्या नावांतल्या नुक्त्याचं तेच. ज खाली टिंब देऊन ज़ करता येतो, आणि आयता ज़ ही वेगळा आहे.

आता आकडा ठरला, तरी तो साठवायचा कसा हा प्रश्न उरतो, कारण एका ओंजळीत २५५च्या पुढचा आकडा मावत नाही. १९९२ सालच्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन आणि रॉब पाईक या दोघांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, जेवणाच्या ताटाखाली घालतात त्या कागदावर, एक युक्ती आखली. तिला यूटीएफ-८ म्हणतात. इंग्रजी अक्षर एका ओंजळीत, आणि मोठे आकडे दोन, तीन किंवा चार ओंजळींत वाटून. देवनागरीच्या वाट्याला तीन आल्या. आपला ळ साठवला जातो तो २२४, १६४, १७९ असा.

या तीन ओंजळी एखाद्या यंत्राने पश्चिम युरोपच्या कोष्टकातून वाचल्या तर? २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान ‘ए’, १६४ म्हणजे चार काड्या फुटलेलं एक वर्तुळ, १७९ म्हणजे वर टांगलेला बारका तीनचा आकडा. संगणकावर मराठी पत्र उघडल्यावर तो रेघेचा ए आणि काड्यांचं वर्तुळ पुन्हापुन्हा आलेलं तुम्ही पाहिलं असेल. ती देवनागरीची नाडी आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर त्या रेघेच्या ए ने सुरू होतं, आणि निम्म्याहून अधिक अक्षरांत पाठोपाठ ते वर्तुळ येतं. हा मजकूर मेलेला नाही. चुकीच्या चष्म्यातून पाहिलेला आहे.

संकेतस्थळावरची एक ओवी तुमच्या पडद्यावर येते, तेव्हा तिला चार भोई लागतात. ती जिथे राहते तो माहितीचा साठा, त्या साठ्याशी बोलणारी जोडणी, पान पाठवणारा सर्व्हर आणि पानाच्या माथ्यावरची घोषणा. पालखीचे चार भोई एका चालीने चालले तर पालखी डुलत नाही. एकाने चाल बदलली की आत देव कलंडतो. आणि गंमत अशी, की चौघांना चाल विचारायची असते हेच पुष्कळांना माहीत नसतं. जे विचारत नाहीत, त्यांच्यासाठी यंत्र स्वतःच एक चाल धरतं. जगभरच्या संकेतस्थळांखाली ‘मायएसक्यूएल’ नावाचा माहितीसाठा वापरतात. तो स्वीडनमध्ये जन्मला. काही न सांगितलं, तर तो मजकूर पश्चिम युरोपच्या कोष्टकातला धरायचा आणि क्रम लावायचा स्वीडिश वर्णमालेचा. ही सवय त्याने २०१८ साली सोडली. तोवर कितीतरी मराठी मजकूर नकळत स्वीडिश पाहुणचारात राहिला. बरेचदा निभावलंही, कारण चारही भोई एकच चूक करत होते. चौघांचीही चूक सारखी असली, की पालखी सरळ चालते. गोंधळ उडतो तो एकाला दुरुस्त केल्यावर.

त्याच साठ्यात मोडीचीही एक कथा आहे. त्याने यूटीएफ-८ म्हणून जो प्रकार आधी दिला, तो तीन ओंजळींपर्यंतच होता. देवनागरीला तेवढ्या पुरल्या. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली, आणि ती इतकी वरच्या मजल्यावर, की एकेका अक्षराला चार ओंजळी लागतात. म्हणजे देवनागरी मराठी ज्या साठ्यात सुखरूप राहते, त्याच साठ्यात मराठीचीच जुनी लिपी दाराशी अडते. चार ओंजळींचा प्रकार त्यांनी २०१० साली आणला होता, पण मोडीसाठी तो कोणी मागितला नव्हता. मोबाइलवरच्या हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांनाही चारच ओंजळी लागतात. त्या चेहऱ्यांची ओरड झाली, तेव्हा साठे बदलले, आणि मोडी त्यांच्या मागून आत शिरली.

आता माझ्या दोन अपघातांकडे येतो. माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कामात आहे. तो ईदला आला होता. सीडीतला चिवडा पाहून म्हणाला, “मामू, घबराओ नक्को. ये मरा नहीं, सोया है.” नक्को हा आमच्या दखनीने मराठीकडून घेतलेला शब्द, तो अशा वेळी फार धीर देतो. त्याने चिवड्यातल्या खुणांवरून फॉन्ट ओळखला, त्याचं कोष्टक मिळवलं, आणि आकड्यांना नवे आकडे देणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या खेपेला वेलांट्या चुकीच्या अक्षरांवर बसल्या, काही ठिकाणी ख चा रव झाला. दोन रात्री आम्ही दोघं ओळ न् ओळ लावत बसलो. तिसऱ्या दिवशी एकशे साठच्या एकशे साठ ओव्या उभ्या राहिल्या. आईच्या बोलीतलं ‘व्हय’सुद्धा.

मग त्याने संकेतस्थळावरची प्रश्नचिन्हं पाहिली आणि गप्प झाला. “इसमें कुच्छ नै है, मामू.”

तिथे असं झालं होतं. संस्थेने जुना सर्व्हर सोडून नव्यावर घर हलवलं. हलवताना मजकूर एका अशा वाटेने नेला, जिचं कोष्टक पश्चिम युरोपचं होतं. त्या वाटेवरच्या यंत्राने ळ पाहिला. तो ळ चुकीचा वाचला असता तर बरं झालं असतं. त्याने बरोबर वाचला, आपल्या कोष्टकात शोधला, सापडला नाही, म्हणून त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं आणि पुढच्या अक्षराकडे वळलं. प्रत्येक अक्षराला, प्रत्येक मात्रेला एकेक प्रश्नचिन्ह. कुठे घंटी वाजली नाही, कोणाला निरोप गेला नाही. मी चौकशी केली तोवर जुना सर्व्हर बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. तिथली माणसं भली होती, त्यांनाही वाईट वाटलं. निजामाच्या दप्तरातल्या मुन्शीने ळ च्या जागी ल ठेवला होता. निदान ल तरी ठेवला होता.

चिवड्यात सगळे आकडे असतात. प्रश्नचिन्हात एकच आकडा असतो, ६३. त्याच्यामागे पूर्वी कोण होतं, हे जगातला कोणताही प्रोग्रॅम सांगू शकत नाही. म्हणून पडद्यावर चिवडा दिसला, तर मूळ फाइल आहे तशी बाजूला ठेवा आणि जाणकाराला दाखवा. स्वतः खटपट करून ‘सेव्ह’ करू नका. चिवड्यालाच खरा मजकूर समजून पुन्हा साठवला, की आपल्या ळ च्या तीन ओंजळींच्या सहा होतात. तरी तोही गुंता सोडवता येतो. प्रश्नचिन्हाला मात्र सोडवायला गाठच नसते.

पण मी कवी माणूस. अक्षरं मोजण्याची खोड जात नाही. संस्थेकडून ती पानं मागवून घेतली आणि छापून काढली. पाहतो तर सगळंच गेलेलं नव्हतं. शब्दांमधल्या मोकळ्या जागा होत्या. स्वल्पविराम होते. ओव्यांचे क्रमांक त्या मुलाने इंग्रजी अंकांत घातले होते, ते जसेच्या तसे होते. आणि प्रत्येक शब्दाची लांबी होती. ‘येडाई’ म्हणजे पाच प्रश्नचिन्हं : य, मात्रा, ड, काना, ई. ‘जात्या’ म्हणजे सहा, कारण पाय मोडल्याची खूणही मोजली जाते. ‘दळण’ म्हणजे तीन. आईच्या ओव्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेल्या. सुरुवातीचा शब्द आठवला, की पुढची प्रश्नचिन्हं मोजून तो शब्द तिथे बसतो की नाही हे तपासता यायचं. माझी थोरली बहीण आणि मावशी, दोघींना बसवलं. त्या गुणगुणायच्या, मी पेन्सिलीने मोजायचो. न बसणारा शब्द आला की मी मान हलवायचो, आणि मावशी रागावायची, “तुझ्या मशिनीला काय कळतंय?” पाच वर्षांत, सणासुदीला जमेल तसं करत, त्र्याहत्तरातल्या अकरा ओव्या आम्ही अशा भरून काढल्या. मावशीही आता नाही.

बाराव्या ओवीपाशी अडलोय. पहिल्या तीन ओळी बहिणीला पक्क्या आठवतात, मोजणीलाही बसतात. तिसरी ओळ ‘सकाळ’ या शब्दावर संपते. चौथीतला शेवटचा शब्द तीन प्रश्नचिन्हांचा आहे. सकाळशी यमक जुळायचं तर शेवटी ळ असणार, त्याच्याआधी काना असणार. म्हणजे पहिलं व्यंजन तेवढं हवं. बहीण म्हणते, आई ‘बाळ’ म्हणायची. मावशी अखेरपर्यंत म्हणत होती, ‘माळ’, येडाईच्या गळ्यातली. भाच्याने मध्येच ‘काळ’ सुचवला. तिन्ही शब्द तीन-तीन प्रश्नचिन्हांचे आहेत. वहीत मी ती जागा मोकळी ठेवली आहे, फक्त काना आणि ळ लिहून.